पीपीटीचा व्हिडिओ पाठ करताना : चंद्राच्या कलांचा एक अनुभव



गेल्या महिन्यात केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक सर मला म्हणाले, "मॅडम, तुमची चंद्राच्या कलांची पीपीटी पेन ड्राइव्हवर द्या ना. संध्याकाळी व्हिडिओ करून टाकतो, सगळ्या ग्रुपवर जाईल." मी पेन ड्राइव्ह दिला आणि म्हटलं, "सर, एका संध्याकाळी नाही व्हायचं. मला चार महिने लागले होते." ते हसले. त्यांना वाटलं, मॅडम स्वतःचं कौतुक सांगताहेत. मी खरं तर माझ्या चुकांचा हिशेब सांगत होते. तिथे उभ्या उभ्या सगळं बोलणं झालं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. आमच्याकडे दिवाळी झाली की पट तोच राहतो आणि वर्ग अर्धा होतो. आईवडील कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, ते मार्च-एप्रिलला कारखाना बंद झाल्यावर परत येतात. हंगामी वसतिगृह किंवा घरी आजी-आजोबा असतील तर मुलं मागे राहतात. ज्यांचं तसं नसतं, ती गाडीत बसतात. तीन वर्षांपूर्वी सातवीतली एक मुलगी अशीच गेली. आदल्या वर्षी ती आजीजवळ राहिली होती, पण त्या वर्षी आजीच आजारी. जाताना वडिलांचा मोबाइल नंबर देऊन म्हणाली, "मॅडम, पाठ पाठवा." मी अगदी सहज "हो" म्हटलं.

सगळी गडबड त्या "हो"पासून सुरू झाली.

पहिला प्रयत्न : बासरी छान वाजते

सातवीच्या भूगोलात सूर्य, चंद्र आणि पृथ्वीचा पाठ आहे. तो मी बरीच वर्षं पीपीटीवर शिकवते. २८ स्लाइड्स, चित्रं भरपूर, ॲनिमेशनही आहे. म्हटलं, सगळं तयारच आहे. फाइलमध्ये जाऊन एक्सपोर्ट, मग क्रिएट अ व्हिडिओ, झालं. स्लाइडला आवाज किंवा वेळ दिलेली नसेल तर पॉवरपॉइंट आपल्या मनाने प्रत्येकीला पाच सेकंद देतं. अठ्ठावीस पंचे एकशेचाळीस. दोन मिनिटं वीस सेकंदांत चंद्र अमावास्येहून निघून पौर्णिमेला जाऊन परत आला. मोकळं वाटू नये म्हणून मी मागे बासरीची धून लावली.

दोन दिवसांनी तिचा व्हॉइस मेसेज आला. "मॅडम, बासरी छान वाजते."

बाकी काहीच नाही. चंद्राबद्दल एक शब्द नाही. रागवावं अशी ती चूक नव्हती, कारण त्या व्हिडिओत ऐकण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. आपल्या ग्रुपवर आजही असे कितीतरी "व्हिडिओ" फिरतात. एखादा उघडून आवाज बंद करून बघा, आणि स्वतःला विचारा की ही स्लाइड मी वर्गात दाखवते तेव्हा काय बोलते? जे बोलता तेवढं सगळं त्यात नाही.

दुसरा प्रयत्न : "हे बघा, इथून इकडे"

मग ठरवलं, वर्गात शिकवतानाच रेकॉर्ड करायचं. शेवटच्या बाकावर वह्यांचा ढीग, त्यावर मोबाइल टेकवून ठेवला. ४१ मिनिटांचा तास झाला. घरी येऊन पाहिला तर प्रोजेक्टरचा पडदा नुसता पांढराफटक, माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि पहिल्या दहा मिनिटांत मी सात वेळा म्हटलं होतं, "हे बघा, इथून इकडे." कुठून कुठे, ते कॅमेऱ्याला दिसत नव्हतं. मध्येच पोषण आहाराच्या मावशी येऊन पटसंख्या विचारून गेल्या, तेही त्यात आलं. फाइल झाली जवळजवळ ४०० एमबीची. तिकडे वडिलांच्या फोनला रोजचा दीड जीबी नेट, तेही रेंज आली तर, आणि चार्जिंग गावातल्या दुकानात. पाठवलाच नाही.

पण तो फुकट गेला असं मी म्हणणार नाही. तो बघताना मला पहिल्यांदा दिसलं की माझ्या तासातला खरा पाठ स्लाइडवर नसतोच, तो दोन स्लाइडांच्या मधे असतो. नववी स्लाइड संपली की मी लॅपटॉप सोडून खिडकी लावते, टॉर्च पेटवते, एका पोराच्या हातात चेंडू देते आणि त्याला गोल फिरायला सांगते. सगळा वर्ग ओरडतो, "कोर आली, कोर आली!" मग मी दहावी स्लाइड लावते. पीपीटीत नऊनंतर सरळ दहा आहे. टॉर्च नाही, चेंडू नाही, ओरडणं नाही. आणि पेन ड्राइव्हवर मी वर्षानुवर्षं तेवढंच वाटत आले होते.

तिसरा प्रयत्न, आणि तिचा प्रश्न

जानेवारीत मी रेकॉर्ड स्लाइड शो वापरून बसले. ही सोय चांगली आहे. आवाज प्रत्येक स्लाइडला वेगळा चिकटतो, म्हणजे बारावीला अडखळलात तर फक्त बारावी पुन्हा करायची. एकच सावधगिरी : स्लाइड बदलत असताना बोलू नका, तेवढ्या वेळातला आवाज धरला जात नाही, वाक्याचं शेपूट तुटतं. बोलणं संपलं की क्षणभर थांबायचं, मग पुढची.

तंत्र जमलं, पण बोलले काय? स्लाइडवर जे लिहिलं होतं तेच वाचलं. "चंद्राचा प्रकाशित भाग वाढत जातो त्यास शुक्ल पक्ष म्हणतात." स्वतःलाच आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखं वाटलं. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी चित्र, आवाज आणि मजकूर यांच्या मेळावर अनेक वर्षं संशोधन केलं आहे. त्यातली एक गोष्ट आपण रोज मोडतो. चित्र दाखवून समजावत असताना तेच बोलणं पडद्यावर अक्षरांतही लिहून ठेवलं, तर शिकणं सोपं न होता अवघड होतं. डोळे चित्र सोडून अक्षरांमागे धावतात, आणि मुलाची वाचायची गती आपल्या बोलायच्या गतीशी जुळत नाही. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मी ढीगभर मजकूर वाचला, १९ मिनिटांचा व्हिडिओ केला आणि पाठवून दिला.

आठ-दहा दिवसांनी मेसेज आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता. आठवतो तसा देते. "मॅडम, चंद्रावर पृथ्वीची सावली पडती म्हणून तो कापल्यावाणी दिसतो ना? मग आज सकाळी चंद्र अर्धाच होता, डोक्यावर होता, अन् सूर्य पण उगवला. दोघं बी आभाळातच होते. मग मधी पृथ्वी कुठून आली?"

मी तो मेसेज चार वेळा ऐकला.

सावलीचं मी कुठेच म्हटलं नव्हतं. पण चौदाव्या स्लाइडवर एक आकृती होती, आपल्या सगळ्यांच्या पीपीटीत असते तीच. मधे पृथ्वी, भोवती आठ चंद्र, प्रत्येक अर्धा काळा अर्धा पांढरा, बाजूने सूर्यकिरणांचे बाण. पृथ्वी आणि चंद्र एकमेकांना जवळजवळ चिकटलेले. ती आकृती बघून कुणालाही वाटेल की पृथ्वी मधे आली की चंद्रावर काळं पडतं. वर्गात हे होत नाही, कारण चेंडू फिरवताना कुणीतरी "सावली!" म्हणतोच आणि मी तिथेच धरते. व्हिडिओत तिच्या मनात सावली आली तेव्हा धरायला मी नव्हते. आणि ती वर्गात बसलेली असती तर कदाचित हा प्रश्न तिला पडलाही नसता, कारण पहाटे साडेचारला उसाच्या फडात जाऊन चंद्र बघणारं आमच्या वर्गात दुसरं कोण आहे?

हा गैरसमज काही तिच्या एकटीचा नाही. अमेरिकेत १९८७ साली 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' नावाची एक छोटी फिल्म निघाली. तीत पदवीदानाच्या झग्यात उभी असलेली हार्वर्ड विद्यापीठातली माणसं ऋतू का होतात याची चुकीची कारणं अगदी ठासून सांगतात, आणि शाळेतली मुलं चंद्रकलांना पृथ्वीची सावली जबाबदार धरतात. मुलांचं डोकं म्हणजे कोरी पाटी नसते. तिथे आधीच एक उत्तर लिहिलेलं असतं. आपण त्यावरच लिहीत जातो आणि नंतर म्हणतो, अक्षर लागत नाही.

इथे डेरेक मुलर यांचं काम मला फार उपयोगी पडलं. व्हेरिटासियम या यूट्यूब चॅनेलमुळे ते अनेकांना माहीत असतील. त्याआधी, २००८ मध्ये, त्यांनी सिडनी विद्यापीठात पीएचडी केली, विषय होता भौतिकशास्त्र शिकवणारे व्हिडिओ कसे असावेत. स्वच्छ, सरळ, सोपं समजावणारा व्हिडिओ विद्यार्थ्यांना आवडला, समजला असंही ते म्हणाले, पण चाचणीत फारसा फरक पडला नाही. ज्या व्हिडिओत आधी चुकीचं उत्तर बोलून दाखवलं होतं आणि मग त्यावर वाद घातला होता, तो त्यांना गोंधळाचा वाटला, पण गुण त्यानेच वाढले. म्हणजे मुलाने "किती सोपं आहे!" म्हटलं, की आपण जरा सावध व्हायला हवं.

चौथा प्रयत्न

फेब्रुवारीत सगळी पीपीटी मोडली. २८ स्लाइडांचा एक पाठ होता, त्याचे पाच व्हिडिओ केले, प्रत्येक चार ते सहा मिनिटांचा. लांबीबद्दल थोडं सांगते. फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर व्हिडिओ पाहिल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असो, लोक साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हते. वर्गातलं व्याख्यान रेकॉर्ड करून त्याचे तुकडे केले, तर ते मुद्दाम व्हिडिओसाठी आखलेल्या पाठाइतके धरून ठेवत नाहीत, हेही त्यांना दिसलं. ती सगळी मोठी, कॉलेजवयाची आणि पुढची माणसं होती. आपली सातवीची पोरं, दुसऱ्याचा फोन, अंधारातली कोपी. तेव्हा सहा मिनिटं ही आपल्यासाठी कमाल मर्यादा समजा.

मग बोलणं लिहून काढलं. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडखाली नोट्सची जागा असते, ती आपण कधी उघडतही नाही. तिथे मी वर्गात जसं बोलते तसंच लिहिलं, "बरं का", "थांब जरा" यांच्यासकट. पहिल्या व्हिडिओची सुरुवात अशी होती :

"गेल्या चार दिवसांत चंद्र पाहिलास का? कधी, संध्याकाळी की पहाटे? कुठे होता? आठव बरं. आता एक सांग, चंद्र कधी कोर, कधी अर्धा, असा का दिसतो? मोठ्याने सांग, इथे कुणी रागवणार नाही. पुष्कळ जण म्हणतात, पृथ्वीची सावली पडते म्हणून. मलासुद्धा शाळेत असताना तसंच वाटायचं. आता ते खरं आहे का, ते आपण तपासू."

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. एक, "मुलांनो" गेलं आणि "तू" आलं. व्हिडिओसमोर वर्ग नसतो, एकच मूल असतं. मेयर यांचंही म्हणणं आहे की पुस्तकी भाषेपेक्षा समोरच्याशी गप्पा मारल्यासारखं बोललं तर शिकणं वाढतं. दुसरं, "काल आपण पाहिलं", "उद्या बघू", "फळ्यावर बघा" असली सगळी वाक्यं काढली. व्हिडिओ कोण, कुठे, कधी बघेल याचा नेम नाही. "आज पहाटे चंद्र अर्धा होता" हे वाक्य महिन्यातून एखाद्याच दिवशी खरं असतं.

प्रश्नानंतर दहा सेकंद पूर्ण शांतता ठेवली. हे सगळ्यात अवघड गेलं. रेकॉर्ड करताना दहा सेकंद म्हणजे युग वाटतं, चौथ्या सेकंदालाच तोंड उघडतं. शेवटी टेबलाखाली बोटं मोजत बसले.

आता आकृतीचं. पृथ्वी आणि चंद्र यांच्यातलं सरासरी अंतर सुमारे ३,८४,४०० किलोमीटर, म्हणजे ओळीने तीस पृथ्व्या मांडल्या तर जेवढं होईल तेवढं. स्लाइडच्या रुंदीत हे प्रमाणात दाखवायला गेलं तर दोन्ही ठिपके होतात. म्हणून स्लाइडचा नादच सोडला. घराच्या फरशीवर एक लिंबू ठेवलं, चार सेंटीमीटरचं. भिजवलेला एक टपोरा हरभरा घेतला, तो साधारण सेंटीमीटरभर. लिंबू पृथ्वी, हरभरा चंद्र. मग टेपने मोजून सव्वा मीटरवर हरभरा ठेवला. मोबाइलने वरून ४० सेकंद शूटिंग केलं आणि ते स्लाइडांच्या मधे घातलं. एवढ्या लांबच्या हरभऱ्यावर लिंबाची सावली महिनाभर रोज कशी पडेल? पडते ती क्वचित, पौर्णिमेला, आणि त्याला आपण चंद्रग्रहण म्हणतो. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी पाच अंशांनी कललेली असल्यामुळे दर पौर्णिमेला तेही होत नाही.

टॉर्च आणि चेंडूचं काय करायचं, हा प्रश्न होता. मी फिरवलेला चेंडू तिने बघणं आणि तिने स्वतः फिरवणं यात फरक आहे. तिच्याकडे टॉर्च होती की नाही ठाऊक नाही, पण सूर्य होता, आणि माती होती. तिसऱ्या व्हिडिओच्या शेवटी म्हटलं : पौर्णिमेनंतर सात-आठ दिवसांनी, सकाळी ऊन अंगावर आलं की चंद्र शोध. मातीचा लिंबाएवढा गोळा कर, काडीला लाव, उन्हात उभी राहा आणि हात लांब करून तो गोळा चंद्राच्या शेजारी धर. दोघांकडे बघ. व्हिडिओ इथे बंद कर, पुढचा ते करून झाल्यावरच बघ.

पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊतून खेळण्यांच्या ज्या छोट्या फिल्म्स केल्या, त्या मी त्या दिवसांत परत परत पाहिल्या. दोन-तीन मिनिटं, दोन हात, एक आवाज, घरात सापडेल असं सामान. स्लाइड फिरवण्यापेक्षा हात दाखवणं किती बोलकं असतं, ते मी तिथून शिकले.

सामानसुमान, थोडक्यात

आवाज चित्रापेक्षा महत्त्वाचा. चित्र थोडं अंधूक चालतं, आवाज घुमला की मूल सोडून देतं. मी रात्री दहानंतर, पंखा बंद करून, अंथरुणांच्या घडीसमोर बसून रेकॉर्ड करते. गोधड्या आवाज पितात. साध्या इअरफोनचा माइक तोंडापासून वीतभर लांब धरला तरी लॅपटॉपच्या माइकपेक्षा बरा. पडद्यावर दुसरं काही उघडून दाखवायचं असेल तर ओबीएस स्टुडिओ फुकट मिळतो, पण सुरुवातीला त्यात अडकू नका.

एक्सपोर्ट करताना ४८० पी निवडा. अक्षर मोठं असेल तर मोबाइलवर काही बिघडत नाही, आणि माझा पाच मिनिटांचा व्हिडिओ १५ एमबीच्या आत बसतो. एका स्लाइडवर पाच-सहा शब्द, बस. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलात तर ते आणखी दाबतं, बारीक अक्षर पुसट होतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर जसाच्या तसा जातो.

फॉन्टचं एक दुखणं आपल्याच वाट्याला आलेलं आहे. जुन्या पीपीट्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतात. व्हिडिओत ते निभावतं, कारण अक्षराचं चित्र होतं. पण तीच पीपीटी दुसऱ्या शाळेच्या संगणकावर उघडली की "चंद्र"चं काहीतरी भलतंच होतं. वाटायची असेल तर युनिकोडमध्येच टाइप करा, नाहीतर शीर्षक शोधूनही कुणाला सापडणार नाही.

सगळीकडे पाठवण्याआधी

वर्गात दाखवणं वेगळं आणि यूट्यूबवर टाकणं वेगळं. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने एखादं चित्र वापरलं तर कॉपीराइट कायद्यात त्याला सवलत आहे. तीच चित्रं जगाला वाटताना तिच्यावर विसंबू नका. माझ्या २८ स्लाइडांतली ११ चित्रं गुगलवरून उचललेली होती, कुणाची ते मलाच माहीत नव्हतं. सगळी काढली. नासाची बहुतेक छायाचित्रं श्रेय देऊन शिक्षणासाठी वापरता येतात, विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक चित्राखाली परवाना लिहिलेला असतो. पाठ्यपुस्तकातली आकृती फोटो काढून टाकायची सवय आपल्याला आहे, पण तिचे हक्क मंडळाकडे आहेत आणि लेखी परवानगी लागते, असं पुस्तकातच छापलेलं असतं. तेव्हा आकृती हाताने काढा. माझी वाकडी आहे. मुलं हसतात आणि बघतात.

वर्गातल्या मुलांचे चेहरे व्हिडिओत घेऊ नका. घ्यायचेच असतील तर पालकांना व्हिडिओ आधी दाखवून लेखी होकार घ्या. त्या मुलीचा व्हॉइस मेसेज मला फार घालावासा वाटला होता. तो घातला नाही, तिचा प्रश्न माझ्या आवाजात विचारला.

आणखी एक, हे थोडं माझं वेड समजा. मी व्हिडिओबरोबर पीपीटीही वाटते, नोट्ससकट. माझं बोलणं बीडकडचं. कोकणातल्या किंवा मेळघाटातल्या मुलाला ते परकं वाटेल. तिथल्या शिक्षकाने नोट्स आपल्या बोलीत बदलून स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलं तर तो पाठ माझ्यापेक्षा चांगला होईल. आमच्या शेजारच्या तांड्यावरच्या एका सरांनी दोन भाग गोरमाटीत केले. मुलांनी ते माझ्या भागांपेक्षा जास्त वेळा पाहिले, हे कबूल करते.

पालकांसाठी

पाच मिनिटांचा व्हिडिओ बघायला पंधरा मिनिटं लागली तर ते चांगलंच आहे. मूल थांबवतं, मागे नेतं, म्हणजे ते काम करतंय. फोन हातात देऊन निघून जाऊ नका, शेजारी बसा. आपल्याला समजत नाही म्हणून संकोच तर मुळीच नको. उलट विचारा, "आता काय सांगितलं त्यांनी? मला सांग." सांगता सांगता मुलाला आपलं अडलेलं कळतं.

त्या मुलीच्या वडिलांशी माझं फोनवर बोलणं झालं होतं. शाळा चौथीपर्यंत. ते म्हणाले, "मॅडम, आम्हाला हे पुस्तकातलं कळत न्हाई. पण पुनव झाली की पहाटंचं चांदणं ऱ्हातं, बॅटरी लागत न्हाई. अवस जवळ आली की अंधारात तोडावं लागतं." चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, हे माझ्या सोळाव्या स्लाइडवर होतं. त्यांना ते मिनिटांशिवाय माहीत होतं. नंतर मी ती स्लाइड काढली आणि तिथे प्रश्न ठेवला : "पौर्णिमेनंतर पहाटे चांदणं का असतं? घरात मोठ्या माणसांना विचार." या एका प्रश्नाला जेवढी उत्तरं आली, तेवढी माझ्या कुठल्याच स्वाध्यायाला आली नाहीत.

मातीचा गोळा

तिसरा व्हिडिओ पाठवला आणि वाट बघत बसले. सुमारे साडेएकोणतीस दिवसांचं चक्र, त्यामुळे वद्य अष्टमी यायची तेव्हाच येणार, घाई करून उपयोग नव्हता. मधे एक दिवस ढग होते. मग एका सकाळी, मी शाळेला निघायच्या बेतात असताना, फोटो आला. तिने हात लांब केलेला, काडीवर ओबडधोबड गोळा, एक बाजू उन्हात उजळलेली, दुसरी काळी. मागे आभाळात चंद्र असावा, फोटोत तो नीट दिसतही नव्हता. खाली व्हॉइस मेसेज.

"मॅडम, गोळा पण अर्धाच झाला. तशाच बाजूनं. अन् त्याच्यावर कुणाची सावली न्हाई."

मी तिला चौथा व्हिडिओ पाठवला.

एप्रिलमध्ये ती परत आली. पहिल्या दिवशी टॉर्च आणि चेंडूचा खेळ मी तिच्याकडेच दिला. वर्ग "कोर आली!" म्हणून ओरडला तेव्हा तिने हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि विचारलं, "का आली, ते सांगा आधी."

ते पाच व्हिडिओ आता परिषदेतल्या सरांकडे गेले आहेत, नोट्ससकट. या दिवाळीआधी भरती-ओहोटीचा पाठ करायचा आहे. त्याची पीपीटी तयार आहे, २२ स्लाइड्सची, आणि नोट्सची जागा रिकामी. आमच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. किनाऱ्यावरच्या शाळेत शिकवणाऱ्या कुणी शिक्षकांनी पाणी चढता-उतरतानाचं एकाच जागेवरून, दर तासाने, आठ-दहा सेकंदांचं शूटिंग करून दिलं तर फार मदत होईल. दगड, जेट्टी, होडी, काहीही चालेल, फक्त मोबाइल हलवू नका.